आमच्या गावात ज्यू नव्हते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मायला तर नाहीच, तिला त्या दिवसाचा अजून अभिमान आहे.

आमचं गाव भीमपूरकडचं. माय-बा दुसऱ्याच्या वावरात राबायचे. कापूस वेचून मायची बोटं फाटलेली असायची. पिठात मीठ पडलं की भाकर थापताना ती बोटांवर फुंकर मारायची. घरात अक्षर ओळखणारा मीच पहिला. म्हणून शाळेच्या गॅदरिंगला मी भाषणाला उभा राहिलो, तेव्हा दोघं काम सोडून आले.

विषय होता ‘कणखर नेता’. मी जर्मनीच्या त्या हुकूमशहावर बोललो. नाव कशाला घेऊ, तुम्हाला कळलंच. आमच्याकडं कडक मास्तरला पोरं कौतुकानं तेच नाव ठेवायची. ज्यूंचं त्यानं काय केलं, हे मला माहीत नव्हतं का? अर्धंमुर्धं होतं. एका जुन्या पुस्तिकेतलं मी पाठ केलं होतं : ते लोक गोड बोलतात, या मातीचे नसतात, आतून देश पोखरतात. पण टाळ्या येईनात. मग मी... पुढं बसलेल्या किराणावाल्या शेठकडं बोट केलं. बाहेरून येऊन वसलेलं गावातलं ते एकच घर.

“असे लोक आपल्याही गावात आहेत!”

टाळ्या थांबेनात. “काय बोल्ला वं माहा पोरगा! आमदारावानी!” माय शेजारणीला सांगत होती. शेठही हसले. कसनुसे.

त्यांची पुष्पा माझ्याच वर्गात. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारातच तिनं विचारलं, “काऊन बोल्लास रे तसं? आमी काय केलं तुमचं?”

मी तिला ओलांडून बाकावर जाऊन बसलो. पोरं तिला ‘पोखरणारी’ म्हणू लागली, आणि मी — मीही हसलो. तिनं शाळा सोडली. उन्हाळ्यात दुकानाला कुलूप लागलं. ते लोक कुठं गेले, मी कधी विचारलं नाही.

पुढं हैदराबादला संशोधनाला लागलो. ज्यूद्वेषाच्या अभ्यासाचा विषय मार्गदर्शक मॅडमनी सुचवला. पुष्पाला मी विसरलोय, असं तेव्हा मला वाटायचं. तिथल्या ग्रंथालयात मी जे वाचलं, त्यानं आजही छाती दडपते. लोकांनी अख्खी आयुष्यं घातली आहेत यात! चोरीला गेलेल्या बैलाचा माग काढावा, तसा एकेका खोट्याचा माग काढलाय — प्रवचनातून वर्तमानपत्रात, एका भाषेतून दुसरीत, शतकामागून शतक. ज्यांची घरं त्या खोट्यानं जाळली, त्यांचीच लेकरं आवाज न चढवता टिपणं काढत बसलेली. एवढा धीर माणसात येतो कुठून? मी चपला बाहेर काढून आत जायचो. “क्या साब, दर्गा समझे क्या?” शिपाई हसायचा.

आणि एका दुपारी, एका जर्मन पत्रकाच्या भाषांतरात, माझं वाक्य सापडलं. गोड बोलतात, मातीचे नसतात, आतून पोखरतात. त्याच क्रमानं. तो माग आमच्या शाळेच्या स्टेजपर्यंत येत होता. तिथून पुढं किराणा दुकानाच्या कुलपापर्यंत, आणि तेवढं फक्त मला ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “तुमच्या भागात हे कुठवर पोचलं?”

“आमच्या गावात ज्यू नव्हतेच, सर.”

सगळे हसले. प्रबंधातही मी तेच लिहिलंय. खरं लिहिलं असतं तर पदवी अडली असती का? नाही. उलट त्या प्रबंधातला तोच सगळ्यात मोलाचा पुरावा ठरला असता. पण नावाआधी ‘डॉक्टर’ लागणार होतं, आणि त्या नावाशेजारी मला ते बोट करणारं पोरगं नको होतं.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, गावातला पहिला डॉक्टरेट मिळवणारा. मायनं प्रबंध हळद-कुंकू लावून भिंतीतल्या देवळीत ठेवलाय. त्यात पुष्पा नाही.