अजून दोन पाइप

आमच्या गाझियाबादच्या घराची बोअर संपली, असं मेकॅनिकनं अंगणात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं. बटण दाबलं की खालची मोटर गुरगुरायची, नळातून फुस्स करून हवा यायची आणि बस्स. एवढ्यावरून त्याचं निदान झालं: तळाला वाळू भरली, पाणी संपलं, नवीन बोअर मारा. बरं, हे सगळं तो माझ्याशी नाही, माझ्या मुलाशी बोलत होता. घर माझं, नळ माझे, आणि मी काय तिथे शोभेला उभी होते?

मुलाला आयतंच कारण मिळालं. तो मानेसरला कारखान्यात इंजिनीयर, तिकडेच सोसायटीत राहतो. त्याचे बाबा गेल्यापासून एकच टुमणं, आई, घर वीक आणि माझ्याकडे चल. आता म्हणाला, पाण्याविना घरात राहणार कशी, रविवारी एक गिऱ्हाईक घर बघायला येतंय. माझ्या घराला गिऱ्हाईक, आणि मला न विचारता! तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारीण बिचारी चांगली. तिनं कंपाउंडवरून पाइप टाकला, हवं तेवढं घ्या म्हणाली. दोन दिवस घेतलंही. पण आधी तिला हाक मारायची, मग ती मोटर लावणार, तोवर मी बादली धरून उभी. तिचा काहीच दोष नव्हता. माझ्या आईनं विदर्भातल्या गावात विहिरीपाशी असंच उभं राहून दिवस काढले. आमच्या लोकांनी रहाटाला हात लावायचा नाही, कुणी वरून ओतलं तर भरून घ्यायचं. म्हणून इथे प्लॉट घेतला तेव्हा नवऱ्यानं भिंतींच्या आधी बोअर मारली. आई मुद्दाम गावाहून आली होती. पहिलं पाणी आलं तसं तिनं चार लोकांदेखत बादलीच्या बादली नुसती पायांवर ओतून घेतली. शेजारणीच्या पाइपाखाली बादली धरताना हे आठवलं आणि मला संतापानं रडू आलं.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिकला परत बोलावलं. मी सरकारी बांधकाम खात्यात तीस वर्षं कंत्राटदारांची मोजमापं तपासली आहेत. मोजल्याशिवाय मी कुणाच्या बापाचं ऐकलेलं नाही. त्याला म्हटलं, "भैया, पहले निकालो, फिर बोलो."

कुरकुरत त्यानं तिपाई उभी केली, साखळीनं एकेक पाइप वर ओढला. शेवटी चिखलानं माखलेली मोटर आली. धुऊन तपासली तर ठणठणीत. मग मी सुतळीला जाडजूड नट बांधला आणि स्वतः बोअरमध्ये सोडला. तळाला टेकल्यावर वर ओढून घेतला आणि सुतळी अंगणात एकापुढे एक मांडलेल्या पाइपांशेजारी पसरली. पाइप संपत होते तिथपर्यंत सुतळी कोरडी. त्याच्या पुढे चांगली चार माणसांच्या उंचीइतकी ओली. पाणी होतं! ते खाली सरकलं होतं आणि मोटर वरच लटकत राहिली होती. मेकॅनिकनं सुतळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अजून दोन पाइप लागतील, असं पहिल्यांदाच मला सांगितलं.

रविवारी मुलगा गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा अंगणातला नळ धो धो वाहत होता. गिऱ्हाइकाला चहा पाजला, घर विकायचं नाही म्हणून सांगितलं आणि वाटेला लावलं. मुलगा तोंड पाडून बसला. पण तो बोलला ते खोटं नव्हतं. पाणी दर वर्षी खाली चाललंय, हे दोन पाइप किती दिवस पुरणार?

"पुरतील तेवढे दिवस पुरतील," मी म्हटलं. "खरंच आटलं तर मी स्वतः मोजून तुला फोन करीन. तोवर इथे गिऱ्हाईक आणायचं नाही. आपल्या घराण्यात कुणालाही न विचारता पाणी भरणारी पहिली बाई मी आहे."

"म्हणजे? पाण्याला कुणाला विचारायचं?" त्यानं विचारलं.

दिल्लीकडे वाढलेलं पोर. त्याला मी हे कधी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी समोर बसवून सांगितलं, काहीही न वगळता.