भर वैशाखातली शाल

आगमन सरांच्या माईकसमोरून एखादा माणूस स्वतःचं नाव न ऐकता मंडपात जाऊन बसला, असं आमच्या भागात कधी घडलं नाही. नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या कुठल्याही लग्नाच्या लॉन्समध्ये पाऊल टाका; खुर्ची शोधायच्या आत लाउडस्पीकरमधून आवाज यायचा, "नुकतंच ज्यांचं मंडपात आगमन झालेलं आहे..." आणि मागोमाग तुमचं नाव, वडिलांचं नाव, गाव, हुद्दा. हुद्दा नसला तर सर जागेवर एखादा बहाल करत. मी त्यांच्याच हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि त्यांच्या माईकवर कायम 'सुप्रसिद्ध भूगोलतज्ज्ञ' असायचे. माझी कीर्ती आठवी 'ब'च्या बाहेर गेलेली नव्हती, हे सरांनाही ठाऊक होतं. पण त्यांचं म्हणणं, "बाई, माणूस आहे तेवढाच दाखवायचा असेल तर लग्न कशाला करायचं? रेशनकार्ड दाखवावं."

सर शाळेत मराठी शिकवत. वर्गात कविता दहा मिनिटांत आटपायची, कारण कवितेत पाहुणे नसतात. खरा रंग चढायचा तो चैत्रापासून पुढे. पांढराशुभ्र सफारी, खिशाला दोन पेनं, काखेत लांब वही. लग्नांचं सूत्रसंचालन ते हौसेनं करत आणि कुणी पाकीट पुढे केलं तर त्या पाकिटावर देणाऱ्याचं नाव लिहून तेही वधूवरांच्या आहेरात टाकत. निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर मुहूर्त सोडून दुसरं काही उरलंच नाही.

आमच्याकडची लग्नं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको की बारा पस्तीसचा मुहूर्त म्हणजे पावणेदोनला अक्षता. मधला वेळ सत्काराचा. व्याह्यांचा सत्कार, सोयऱ्यांचा सत्कार, आजी-माजी सगळ्यांचा सत्कार, आणि मग 'आशीर्वादपर मनोगत' नावाची भाषणं. प्रत्येकाला फेटा, नारळ आणि शाल. ही शाल लोकरीची नसते, पण अंगाला चिकटण्यात लोकरीच्या वरताण असते. भर वैशाखात, पत्र्याच्या शेडखाली, घामानं निथळणाऱ्या माणसाला शाल पांघरायची आणि त्यानं हात जोडून 'मी धन्य झालो' असा चेहरा करायचा, ही रीत कुणी काढली कोण जाणे. आमच्या घरी अशा चौदा शाली आहेत. त्यातल्या तीन मीच कुणाला तरी दिल्या होत्या, त्या फिरून आल्या.

मी एकदा विचारलं होतं, "सर, थोडी नावं गाळता येणार नाहीत?" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सप्तपदीतली चार पावलं गाळायला सांगितली. मग त्यांनी आपला इतिहास सांगितला. उमेदवारीच्या काळात एका लग्नात नवरदेवाच्या आत्याच्या यजमानांचं नाव सुटलं. ते गृहस्थ भरल्या ताटावरून उठले आणि पुढची अकरा वर्षं त्या घरच्या पाण्याला शिवले नाहीत. आत्याबाईंना माहेर तुटलं. त्या दिवसापासून सरांनी वही धरली आणि एक वाक्यही. "बाई, ऊन संध्याकाळी उतरतं. रुसवा उतरत नाही."

ती वही मी चाळलेली आहे. डावीकडे नावं, उजवीकडे समासात बारीक अक्षरात शेरे. जुन्या वह्यांमध्ये एखाद्या पानावर आढळे: 'एक आजीबाई उन्हानं चक्कर येऊन पडल्या. विशेष घटना.' त्याखाली दोन रेघा. पुढच्या वह्यांमध्ये चक्कर येणारे वाढले तसा 'विशेष' शब्द गेला. नंतर 'चक्कर – दोन', 'चक्कर – तीन' असं नुसतं. शेवटच्या वह्यांमध्ये तेही नाही. मी म्हटलं, "सर, आता कुणी पडत नाही का?" म्हणाले, "पडतात की. पण रोजचं काय लिहायचं?" तापमानवाढीवर मी वर्गात जेवढं बोलले, त्यापेक्षा हा समास जास्त बोलत होता. आमच्या क्रमिक पुस्तकात मात्र 'नाशिकचे हवामान आल्हाददायक आहे' हे वाक्य ठाण मांडून होतं. एप्रिलच्या परीक्षेत घामानं ओल्या झालेल्या कागदावर पोरं ते इमानेइतबारे लिहीत आणि मी त्याला इमानेइतबारे गुण देई.

सरांनी उन्हाशी भांडण कधीच केलं नाही. त्यांनी त्यालाही पाहुण्यांत बसवलं. ज्या वर्षी पारा पहिल्यांदा सगळे जुने आकडे ओलांडून गेला, त्या वर्षी त्यांनी माईकवर सांगितलं, "साक्षात सूर्यनारायण आज वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी नेहमीपेक्षा जरा जवळ येऊन उभे आहेत. त्यांचंही स्वागत!" टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी तो विक्रम मोडला, तेव्हा म्हणाले, "सूर्यनारायणांनी स्वतःचाच विक्रम मोडलेला आहे." पुन्हा टाळ्या. तिसऱ्या वर्षी लोक टाळ्या वाजवण्याऐवजी पत्रिकेनं वारा घेत होते. विक्रम हा शब्द दर उन्हाळ्यात आला की त्याचंही त्या शालीसारखंच होतं. कोण कुणाला देतंय, कळेनासं होतं.

आणि मग अक्कांच्या नातवाचं लग्न आलं.

अक्का म्हणजे सरांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेल्यावर त्यांनीच सरांना वाढवलं. वय ऐंशीच्या पुढे, पण कणा ताठ आणि जीभ त्याहून ताठ. त्या दिवशी सकाळच्या पेपरात मोठ्या अक्षरात सूचना होती की दुपारी बारा ते चार कुणीही बाहेर पडू नये. मी तो पेपर घेऊनच लॉन्सवर गेले.

"सर, सरकार सांगतंय."

"सरकारला सांगा, मुहूर्त बारा पस्तीसचा आहे."

"निदान यादी तरी निम्मी करा. पुढच्या रांगेत सगळी म्हातारी माणसं आहेत."

"बाई, तुमचा भूगोल वर्गात ठेवा. घरचं लग्न आहे. आज एक नाव सुटलं तर लोक म्हणतील, जगाची नावं घेतली आणि स्वतःच्या सोयऱ्यांना विसरला." आणि मग ते वाक्य, उन्हाचं आणि रुसव्याचं.

सत्काराचा पहिला मान अक्कांचा होता. सरांनी स्वतः खाली उतरून त्यांच्या अंगावर शाल घातली आणि पाया पडले. अक्कांनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सोफ्यावर बसल्या. इतरांच्या शाली पाच मिनिटांत मांडीवर आल्या, दहा मिनिटांत खुर्चीच्या पाठीवर गेल्या. अक्कांनी मात्र काढली नाही. शेजारची सून म्हणाली, "अक्का, काढा की ती, लय उकडतंय." अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. नानानं घातली हाय." नाना म्हणजे सर.

भाऊसाहेब म्हणून जे पुढारी यायचे होते ते 'रस्त्यात' होते. पुढारी रस्त्यात असले की मंडपातला रस्ता बंद असतो. सर नावं घेत राहिले. तीस झाली, चाळीस झाली. पत्रा तापून वरून ठोक ठोक आवाज करत होता, पंखे गरम वारा फेकत होते, नवरीच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं. मग आली वधूच्या मामांची पाळी. ते माजी सरपंच, मोठे मानी. नाव येणार म्हणून आधीच अर्धे उठून, टोपी सावरून, हात जोडायच्या तयारीत.

"वधूचे मामा, माजी सरपंच, श्री. दौलतराव..." सर म्हणाले, आणि थांबले.

व्यासपीठावरून त्यांना दिसलं होतं. अक्का सोफ्यावर एका बाजूला कलल्या होत्या. चेहरा लाल, कोरडा. घाम नावाला नाही.

माईक टाकल्याचा आवाज सगळ्या लॉन्सभर घुमला. सत्तरीजवळचा माणूस व्यासपीठावरून उडी मारून खाली आला. त्यांनी ती शाल ओढून काढली, पाण्याच्या थंड जारमध्ये बुचकळली आणि तशीच निथळती अक्कांच्या अंगाभोवती गुंडाळली. "गाडी आणा," ते ओरडले. त्यांना विनामाईक बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. तो आवाज अगदी लहान होता.

अक्का वाचल्या. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत बर्फ, सलाईन आणि धावपळ चालली. मी बाहेर बाकावर होते. सात वाजून गेले तरी भिंतीला हात लावला की चटका बसत होता. सर माझ्या शेजारी येऊन बसले. मी माझा भूगोल वर्गातच ठेवला होता. तेच म्हणाले, "बाई, ऊन संध्याकाळीसुद्धा उतरेना हो." तेवढ्यात अक्कांना शुद्ध आल्याचं कळलं. आम्ही आत गेलो. त्यांनी डोळे किलकिले करून भावाकडे पाहिलं आणि विचारलं, "नाना, किती नावं राह्यली रं?"

सर म्हणाले, "संपली, अक्का. सगळी संपली."

त्यानंतर आगमन सर बदलले. अर्थात त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे पुरेशा थाटात. दुपारचा मुहूर्त घेणाऱ्याच्या मंडपात पाऊल टाकायचं त्यांनी सोडलं. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर, अशी अट. सगळ्यांचं स्वागत एका वाक्यात: "मंडपातला प्रत्येक जण मानाचा आहे, आपापलं नाव आपण मनात घ्यावं." आणि शालीऐवजी पाण्यात भिजवून पिळलेला सुती पंचा. पहिल्यांदा ज्या पुढाऱ्याच्या मानेवर तो पडला, तो दचकून मागे सरला. पाच मिनिटांनी त्यानं कार्यकर्त्यामार्फत आणखी एक मागवला. तरी बोलावणी कमी झाली. नाव घेणारे नवे सूत्रसंचालक पुष्कळ निघाले होते. कुणी म्हणे, "आगमन सरांचं गमन झालं." सर हसून म्हणत, "होऊ द्या. दहा लग्नं कमी झाली, पण तीन मुहूर्त सकाळचे झाले." त्यांनी ते वहीत लिहिलं होतं. 'विशेष घटना' म्हणून, दोन रेघांसकट.

दौलतराव मात्र रुसले ते रुसलेच. आडनावासकट नाव आलं नाही म्हणून गावात त्यांना 'नुसते दौलतराव' म्हणू लागले, हे त्या रुसव्याला खत झालं. सर दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा 'मळ्यात गेलेत' असं उत्तर आलं, आणि दोन्ही वेळा दारात त्यांच्या चपला होत्या. भाचीचं घर तेवढं त्यांनी तोडलं नाही. पण सरांचा विषय निघाला की उठून जायचे. सरांना ते फार लागलं होतं. मला म्हणत, "एवढंच राहिलंय बघा, बाई."

गेल्या एप्रिलमध्ये दुपारच्या झोपेत सर गेले. गोदावरीकाठी दशक्रियेला सकाळी साडेआठलाच घाटाच्या पायऱ्या तापल्या होत्या. आमच्याकडे दशक्रियेलाही माईक असतो आणि श्रद्धांजलीची यादीही असते. तेरा वक्ते. पैकी तिघांच्या हातात कागद होते, तेही दोन्ही बाजूंनी लिहिलेले. दौलतराव आले होते, पण शेडमध्ये न बसता लांब उन्हात, पायरीवर, पाठमोरे.

सरांच्या मुलानं माझ्या हातात एक पाकीट दिलं. वर सरांचं अक्षर: 'माईक बाईंकडे द्यावा.' आतली चिठ्ठी मी माईकवर वाचली.

"जमलेली मंडळी, श्रद्धांजलीची यादी रद्द. मी कसा होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ते ऐकायला उन्हात बसू नका. सावलीला जा, पाणी प्या, घर गाठा. माझ्याकडून एकच नाव राहिलं आहे. ते बाईंनी पूर्ण घ्यावं."

मी घेतलं. सरांच्या थाटात घ्यायचा प्रयत्न केला. आवाज तेवढा साधला नाही. "वधूचे मामा, माजी सरपंच, श्री. दौलतराव खंडेराव पाटील."

पायरीवरचा माणूस उठला. टोपी सावरली, वळला आणि मंडपात नाव घेतल्यावर करतात तसा हात जोडून चौफेर नमस्कार केला. शेवटचा नमस्कार सरांच्या फोटोला. मग सावकाश चालत शेडमध्ये आला आणि खाली बसला.

मी अजून माईकजवळ उन्हातच उभी होते. दौलतराव थोडे सरकले, शेजारची सतरंजी हातानं झटकली आणि म्हणाले, "बाई, इकडं या. सरांनी काय सांगितलंय? सावलीला बसा."