खोक्यावरचं कुंकू

आज खंडेनवमी, म्हणून नवऱ्याची रायफल पूजेला काढली आणि तेलाच्या वासानं ती दुपार आठवली. हरणांच्या शिकारीचा सीझन तोंडावर आला होता आणि रायफल झीरो करायला, म्हणजे दुर्बीण आणि गोळीचा मेळ बसवायला, ओटावात जवळपास नेमबाजीची रेंज मिळेना. शेवटी एका शेतकऱ्यानं त्याच्या खडीच्या खाणीत परवानगी दिली. तिथं पोचल्यावर कळलं, टार्गेटचे कागद घरीच राहिलेत. माझ्या पर्समध्ये नवरात्रातल्या हळदीकुंकवाची पुडी होती. गाडीत एक रिकामं पुठ्ठ्याचं खोकं होतं, मी त्यावर कुंकवाचा ठसठशीत ठिपका काढला. माझ्या उपासतापासांना कायम हसणाऱ्या नवऱ्यानं नेम धरला आणि रायफल खाली ठेवली. म्हणाला, "यावर नाही मारणार मी. लिपस्टिक दे तुझी." परतताना गाडीत मी त्याला भरपूर चिडवलं. तो गेल्याला आता वर्ष झालं. मघाशी रायफलीला कुंकू लावलं आणि तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं.