उठलो की बीपी झोपतंय

एकाच वॉर्डात तीन महिने छताकडे बघत काढले की किस्से आपोआप साचतात. त्यात आम्ही तिघं. मी गणिताचा मास्तर, विश्रांतवाडीला स्कूटर घसरली. रफीकभाई येरवड्याचे सुतार, परांचीवरून पडले. वाघोलीचे तात्या शेतकरी, ते चिंचेवरून. तिघांचीही मान मोडलेली. पाय गेले, हात अर्धे राहिले, हे लोकांना दिसतं. बीपी, घाम, लघवी यांच्यावरचाही ताबा जातो, हे ज्याचं त्यालाच कळतं.

तात्यांना पहिल्यांदा बसवलं आणि ते बेशुद्ध पडले. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर हेच चाललं. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "नक्की होतंय काय?"

तात्या म्हणाले, "मी उठलो की बीपी झोपतंय."

*

रफीकभाईंना मानेखाली घाम येत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात अंग तापत जातं. घरी गेल्यावर त्यांची बायको, सलमाभाभी, त्यांना दारात बसवून स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारायच्या. शेजारचे पेन्शनर दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुपारी पाणी घालू नये. मुळं कुजतात."

*

नळीला जोडलेली माझी लघवीची पिशवी भरली की मला कळत नाही, पण हातांवर काटा येतो. एकदा गाण्याच्या मैफलीत तसंच झालं. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला गाण्याची फार जाण दिसते."

बायको तोवर पिशवी बघायला खाली वाकली होती. ती म्हणाली, "हो, दर चार तासांनी असते."

*

एकदा तात्यांचं डोकं घणाचे घाव घातल्यासारखं ठणकायला लागलं. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. बीपी दोनशेच्या वर. तरुण डॉक्टर घाबरला. "आडवं करा यांना, मेंदूत रक्तस्राव होईल."

काकू मधे उभ्या राहिल्या. "निजवू नगा. बसलेलेच ऱ्हाऊ द्या. आधी नळी बगू द्या."

"बाई, बाजूला व्हा."

काकू हलल्या नाहीत. त्यांनी तात्यांची मांडी उचलली. लघवीची नळी खुर्चीच्या पट्ट्याखाली चेपली होती. त्यांनी ती मोकळी केली. पिशवी भरत गेली तसं बीपी उतरलं. दहा मिनिटांत तात्या चहा मागायला लागले.

डॉक्टरनं बीपी पुन्हा मोजून बघितलं. मग म्हणाला, "आपण नर्स आहात का?"

"न्हाई. शेताला पानी देते. पाइप चेपला की मोटरवर लोड येतोय."