ग्लायडरच्या पंखातला जोड

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. जोड का सुटला होता असं कुणी विचारलं तर लाकडावर ढकलून मोकळा व्हायचो.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर आम्ही चार हौशी म्हाताऱ्यांनी एक जुनं लाकडी ग्लायडर दुरुस्तीला घेतलं. पंखाचा कणा तडकला होता. कुरखेड्याकडचे एक सुतार बोलावले, बैलबंड्या आणि नांगर करणारे. कण्यासाठी मागवलेलं परदेशी लाकूड त्यांनी हातात तोलून पाहिलं.

"साहेब, हे लाकूड हाये का वाळलेली काकडी?"

"उडायचं आहे भाऊ, हलकंच लागतं."

"मंग आमच्या सरपंचाचं डोकं काऊन नाई लावत?"

कण्याला नवा तुकडा जोडायचा तर बोटभर जाडीला वीतभर लांब तिरपा काप लागतो. भाऊंनी दोन्ही काप रंधून एकमेकांवर ठेवले आणि उजेडासमोर धरले. मधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

गोंद कालवणं माझ्याकडे होतं. मे महिन्यात आमच्याकडे तो पंधरा मिनिटांत आळून मरतो, मग धरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तेवढ्यात पाहुणे आले आणि मी त्यांना ग्लायडर दाखवत फुशारक्या मारत बसलो. परत येऊन तोच गोंद पुढे केला.

"घट्ट झाला का जी?"

"चालतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने त्याच गोंदाने जोडलेला नमुन्याचा तुकडा मोडला. जोड पक्का असेल तर लाकूड फाटतं. आमचा गोंदातूनच सुटला. कारण विचारल्यावर सगळ्यांदेखत मी म्हणालो, "काप नीट बसला नसेल."

भाऊंनी रंधा गोणपाटात गुंडाळला आणि बस धरली. आम्ही जोड उकलला, त्यांचाच काप जरा साफ करून ताजा गोंद लावला. या खेपेला नमुन्याचं लाकूड फाटलं. ग्लायडर मजेत उडालं.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेलो. वाक्य बसमध्ये घोकलं होतं. भाऊंनी बाज टाकली, चहा आला.

"उडते का आपली काकडी?"

"उडते."

शेजारी बसलेला माणूस हसला. "मिस्त्रीनं इमानाचा काप बिघडवला म्हनते ना, साहेब?"

भाऊ कपात पाहत राहिले. मी म्हणालो, "चहा झकास झालाय." मग आणखी अर्धा कप मागितला.

पुन्हा जाईन म्हणत राहिलो, तोवर भाऊच गेले. वाक्य तसं लहानसंच होतं: काप तुमचा चोख होता, भाऊ, मेलेला गोंद मी दिला होता.