कुलूप बघून येतो

उभा जन्म दुसऱ्यांची कुलपं उघडण्यात गेलेला माणूस स्वतःच्या बायकोशी खोटं बोलायला लागला, की त्याची कशी तारांबळ उडते ते किल्लीवाल्या काकांकडे बघून कळावं. एरवी माणूस सरळमार्गी. किल्ली हरवलेलं कुणी रडवेलं होऊन दुकानात आलं, की काका आधी त्याला स्टुलावर बसवणार, पाणी देणार, आणि मग कानस हातात घेणार. पण दर रविवारी सकाळी चपला घालताना ते म्हणायचे, "दुकानाचं कुलूप बघून येतो गं."

"गावाला विकता तेव्हा तोंड भरून खात्री देता," काकू आतून म्हणायच्या, "आणि स्वतःच्याच कुलपावर भरवसा नाही होय?"

काका जायचे ते कोपऱ्यावरच्या ब्रंचच्या हॉटेलात. ब्रंच म्हणजे उशिरा उठणाऱ्यांनी नाश्ता आणि जेवण यांचं लावून दिलेलं लग्न. तिथल्या मागच्या दाराचं कुलूप एका रविवारी अडकलं होतं. काकांनी ते सोडवलं, तेव्हा मालकीणबाईंनी आग्रहानं बसवून एक बशी पुढे ठेवली होती. भाजलेल्या पावावर लोण्यात परतलेले मशरूम, बाजूला पालक आणि भाजलेला टोमॅटो. मेनूवर त्या पदार्थापुढे हिरवं पान छापलेलं, म्हणजे शाकाहारी माणसाला शंकेलाही जागा नाही. काकांनी पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले.

त्या दिवशी घरी जाऊन सगळं सांगायचं असं ठरवूनच ते निघाले होते. पण घरी काकू उपाशी. रविवारी त्या जाड लोखंडी तव्यात कांदा घालून बटाटे परतायच्या, वर झाकण ठेवायच्या आणि काका आल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. समोर ते झाकण बघून काका हात धुऊन पानावर बसले. ते निमूटपणे दुसऱ्यांदा जेवले.

मग तो परिपाठच झाला. हॉटेलात आजूबाजूला सगळी कुटुंबं. उंच खुर्च्यांत बसलेली पोरं कागदावर रंगीत खडूंनी रेघोट्या मारतायत, आज्या त्यांची तोंडं पुसतायत, आणि चौघांच्या टेबलावर काका एकटे, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करता येत नाही म्हणून बशीत डोकं घालून.

पोट काही गोदाम नव्हे. घरी बटाटे उरायला लागले. काकूंनी आधी मीठ थोडं वाढवलं. मग आणखी वाढवलं. शेवटी एका रविवारी तवा घासून पुसून त्यांनी माळ्यावर टाकला.

"हे काय?" काका दचकले.

"माझ्या हाताची चव गेली," काकू अगदी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही भिडेपोटी खाता, ते मला काय दिसत नाही? यापुढे रविवारी बाहेरून तयार मागवून खाऊ."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांना रात्री झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "चल, तूही चल कुलूप बघायला."

हॉटेलचं दार ढकललं मात्र, वाढणारी मुलगी लांबूनच ओरडली, "या काका! तुमचं टेबल ठेवलंय. नेहमीचंच ना?" मग काकूंकडे बघून तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं, "आज पाहुण्या आल्यात वाटतं?"

काकूंनी पदर सावरला. "हो ना. पाहुणीच आहे."

बशा आल्या. काकूंनी सावकाश एक घास खाल्ला. शेजारच्या पोराचा खडू टेबलाखाली गेला होता, तो वाकून काढून दिला. दुसरा घास खाल्ला.

"चांगलं आहे हो," त्या म्हणाल्या. "हे खाऊन घरी येऊन पुन्हा माझे बटाटे खायचात?"

"हो."

"सांगायचं तरी. मी काय बशी फेकून मारली असती?"

"तू उपाशी थांबायचीस. तोंडच उघडेना माझं."

"आणि मी बसले मीठ वाढवत!" काकूंचा आवाज तेवढ्यावरच हलला. "मला वाटलं, माझं आता वय झालं."

काकांना हजार किल्ल्या घासता आल्या असत्या, पण या वाक्याला लागेल अशी एकही त्यांच्याजवळ नव्हती. बशीतला टोमॅटो तसाच राहिला.

घरी आल्याबरोबर ते स्टुलावर चढले. माळ्यावरून तवा काढला, त्यावर चढलेला गंज स्वतः घासून काढला. पुढच्या रविवारी त्यांनी चपलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काकूंनी बटाटे वाढले आणि त्या हात मांडीवर ठेवून बघत बसल्या.

"कसे झालेत?"

खारट झाले होते. काकूंच्या मुठीला वाढीव मिठाची सवय लागली होती, आणि ती कुणी लावली हे काकांना पुरतं ठाऊक होतं. "छान" हा शब्द तोंडाशी आलासुद्धा. त्यांनी तो घासाबरोबर गिळला.

"मीठ जास्त झालंय," ते मान खाली घालून म्हणाले.

काकूंनी एक फोड तोंडात टाकली. त्यांचा चेहरा आंबट झाला, आणि मग एकदम हसू फुटलं. "अगं बाई! आणि हे तुम्ही इतके दिवस गिळत होतात?"

काका हसले नाहीत. ते गटागटा पाणी प्यायले आणि त्यांनी ताटली पुन्हा पुढे केली.