चंद्रभागाबाईंचं गोंदण

माझ्या सासूबाईंच्या, चंद्रभागाबाईंच्या, कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण आहे. नाशिकला पेठ रोडवरच्या मुलींच्या वसतिगृहात त्या रोज शे-सव्वाशे भाकऱ्या थापतात. बोलतात कमी, आणि एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत.

पेठ गावाजवळच्या त्यांच्या पाड्यावर गोंदणाशिवाय मुलीला कुणी देखणी म्हणत नसे. लहानपणी सुयांना घाबरून त्या गोंदणारणीच्या हातून पळाल्या होत्या. पुढे स्थळ आलं. मुलाकडच्या बायका म्हणाल्या, "पोर चांगली हाय, पण कपाळ उघडंच." दुसऱ्या दिवशी आई गोंदणारणीला बोलवायला निघाली, तर ह्या आधीच तिच्या दारात जाऊन बसलेल्या. डोळ्यांतून टिपूस काढला नाही. चेहरा आठवडाभर सुजला होता, तरी पाड्यावर ऐटीत फिरल्या म्हणे.

मी वाढले नाशिकरोडला. आमच्याकडे देखणी म्हणजे गोरी, एवढं सोपं गणित. मी सावळी, शिवाय गालावर कांजण्यांचा वण.

लग्नाचा अल्बम आला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. सासूबाई मात्र एकाच पानावर अडकल्या. हळदीच्या दिवशीचा आम्हा दोघींचा फोटो होता. त्यात माझ्या शेजारच्या बाईचं कपाळ आणि हनुवटी पार कोरी होती.

"ही कोण हाय?" त्यांनी विचारलं.

माझा नवरा मनोज हसला. "तूच की, आई. फोटो साफ केलाय."

"घाण होती का?"

मनोजनं घाईनं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून रजा घेऊन त्या स्टुडिओत निघाल्या. मलाही सोबत घेतलं. खरी गोष्ट मला ठाऊक होती.

फोटोवाला ललित आधी गोड बोलला. मग म्हणाला, "मावशी, अल्बम छापून झाला. आता काही होत नाही."

"मंग बसते मी," त्या म्हणाल्या आणि सोफ्यावर मांडी घालून बसल्या. पासपोर्ट फोटोला येणारी माणसं त्यांच्याकडे बघत आत जात होती. दीड तास झाला. शेवटी ललित वैतागला. "अहो, तुमच्या सूनबाईंनीच सांगितलं होतं पुसायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैत्रिणी फोटो बघून काय म्हणतील, या भीतीनं मी तसं सांगितलं होतं.

सासूबाई चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "आन् हिचं काय पुसलं?"

ललितनं मूळ फोटो उघडला. हळदीनं माखलेल्या आम्ही दोघी. त्यांचं कपाळ गोंदणानं भरलेलं, माझ्या गालावर वण, आणि रंग माझा खराखुरा. अल्बममध्ये मी पिठात बुडवून काढल्यासारखी दिसत होते.

"माझं गोंदण परत लाव," त्या ललितला म्हणाल्या. "हिचं काय करायचं ते हिलाच इचार."

ललितनं माझ्याकडे पाहिलं. कॉलेजपासून मी त्या वणावर पावडर थापत आले होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा स्वतःचा राग जास्त आला.

"वण राहू द्या," मी म्हणाले. "रंगही माझाच ठेवा. पान नवं छापा. ते हातात पडल्याशिवाय आम्ही दोघी इथून उठत नाही."